कप्स अँड बॉल्सचा संच : झळाळी नंतर, आधी बूड बघा

कप्स अँड बॉल्स या जादूच्या खेळाचा संच विकत घेणारा आधी धातू बघतो, मग झळाळी, मग किंमत. खरे तर आधी बघायचे ते बूड. या खेळात कप बहुतेक वेळ उपडा असतो, म्हणजे बूड वर आणि तोंड खाली. प्रेक्षकांसमोर जे घडते ते या बुडावर किंवा त्याच्या खाली. बूड फुगीर असेल तर चेंडू त्यावर ठरत नाही, आणि चेंडू ठरला नाही की निम्मा खेळ मांडताच येत नाही.

जादूच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन आपल्याकडे साधारण तीन तऱ्हांचे संच मिळतात. काही शे रुपयांचा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा, काही हजारांचा जाड तांब्याचा किंवा पितळेचा, आणि वर गोंडा, म्हणजे बोटांत धरायची छोटी मूठ, असलेला देशी वाट्यांचा. तिन्हींना एकच नाव असले तरी त्यांवर होणारा खेळ एक नाही. कोणता संच चांगला, हे विचारण्याआधी कोणता खेळ करायचा हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी कपाला हा आकार कसा आला हे ठाऊक असलेले बरे.

खेळ थोडक्यात असा : तीन उपडे कप, लहान चेंडू, एक छडी. चेंडू हातातून नाहीसा होऊन कपाखाली सापडतो, बुडातून आरपार जातो, एका कपाखालून दुसऱ्याखाली जमतो, आणि शेवटी कपांखालून लिंबू, मोसंबी असे काहीतरी निघते जे तिथे जाताना कोणालाच दिसलेले नसते.

‘चार हजार वर्षांचा खेळ’ असे जे सांगतात ते इजिप्तमधल्या बेनी हसनच्या थडग्यातल्या भित्तिचित्राच्या भरवशावर. त्यात दोन माणसे उपडी भांडी हाताळताना दिसतात. ते चित्र जादूचेच आहे हे अभ्यासकांत सर्वमान्य नाही. भाकरी करण्याचे काम किंवा साधा बैठा खेळही असू शकतो. पक्का पुरावा रोमन काळातला. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका पत्रात वाट्या आणि खड्यांच्या या खेळाचा दाखला दिला आहे : फसवणूक आहे, पण निरुपद्रवी, आणि युक्ती कळली की गोडी जाते. त्याने वापरलेला शब्द आहे ‘असेटॅब्युलम’, म्हणजे जेवणातली व्हिनेगरची वाटी. जादूगाराने वेगळे सामान घडवलेच नव्हते, पानावरचीच वाटी उचलली होती. पण उथळ वाटीत खडा लपतो, लिंबू मावत नाही. दोन वाट्या एकमेकींवर रचल्या तर मधे जागाही उरत नाही. म्हणून वाटीवरचा खेळ हा खडा इथे की तिथे एवढ्यावरच रंगतो.

१५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉटने चेटकिणींवरच्या आरोपांविरुद्ध पुस्तक लिहिले. ज्याला लोक सैतानाची करणी म्हणतात ते हातचलाखीने कसे होते हे दाखवण्यासाठी त्याने चेंडू, नाणी आणि पत्त्यांच्या युक्त्या उघड करून छापल्या. चेंडूंच्या खेळासाठी कोणते भांडे घ्यावे, हेही तो सांगतो : लहान मेणबत्तीदाणी चालेल, वाडगा चालेल, मिठाच्या भांड्याचे झाकण असेल तर उत्तम. झाकणच का, ते हातात धरून पाहिले की कळते. झाकणाला उंची असते, ते उपडेच ठेवण्यासाठी घडवलेले असते आणि बोटांच्या पकडीत बसते. वाटीपासून आजच्या कपाकडे जाण्याच्या वाटेवर हे झाकण मधोमध उभे आहे. (दाखवतात तीन चेंडू आणि खेळात असतो आणखी एक, ही गोष्टही तेव्हापासून छापील आहे, ती इथे लिहिल्याने कोणाचे गुपित फुटत नाही.)

एकोणिसाव्या शतकात तुरिनचा बार्तोलोमेओ बॉस्को (१७९३-१८६३) युरोपभर आखूड बाह्यांच्या अंगरख्यात हा खेळ करत असे, ‘बाहीत लपवतो’ ही शंकाच येऊ नये म्हणून. १८७६ मध्ये प्रोफेसर हॉफमन या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने इंग्रजीत जादूचे सविस्तर पाठ छापले, त्यात कप्स अँड बॉल्सला स्वतंत्र प्रकरण होते. विसाव्या शतकात कॅनडात जन्मलेल्या डाय व्हर्ननने (१८९४-१९९२) या खेळातल्या युक्त्यांचा जो क्रम बांधला तो १९५७ मध्ये छापून आला, आणि आज शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक क्रमांवर त्याची छाप आहे. त्या क्रमाला लागणारा बसका, रुंद तोंडाचा कप पॉल फॉक्स या अमेरिकन जादूगाराच्या आराखड्याचा. आज जो तांब्याचा ‘प्रोफेशनल’ संच म्हणून विकला जातो, तो बहुधा याच आराखड्याचा नातेवाईक असतो.

आता त्या आराखड्याची अंगे. उपड्या कपाकडे पाहा. वर बूड, ते मधे ४-५ मिलिमीटर खोलगट हवे, म्हणजे त्यावर ठेवलेला चेंडू घरंगळत नाही. बाजूला, बुडापासून खाली, बाहेर आलेली एक वळी असते. ही वळी शोभेची नाही. कपावर कप रचला की वरच्या कपाचे तोंड या वळीवर टेकते आणि तिथेच थांबते. तिसरे अंग तोंडाची काठवळ. ती कपाचा गोलाकार टिकवते आणि बोटाला पकड देते.

बाजूची ही वळी दोन कामे करते. एक, कप एकमेकांत रुतत नाहीत. दोन, दोन कपांच्या बुडांमध्ये चेंडूपुरती पोकळी राखते. ही पोकळी मोजायला आत डोकावावे लागत नाही. तिन्ही कप सारखेच असल्यामुळे, रचल्यावर खालच्या कपाचा जेवढा पट्टा बाहेर दिसतो तेवढीच आतली पोकळी असते, फक्त पत्र्याच्या जाडीइतकी कमी. पट्टा २८ मिमी दिसला आणि पत्रा १ मिमीचा असला तर आत २७ मिमी. तिथे २५ मिमीचा चेंडू सुखाने बसतो. पट्टा २० मिमी असेल तर २५चा चेंडू मधे ठेवल्यावर वरचा कप तिरका उभा राहतो, आणि काय चालले आहे ते पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळते. खरेदीआधी विक्रेत्याकडे तीन कप रचलेला, पट्टी शेजारी धरलेला फोटो मागावा. ‘उंची ३ इंच’ एवढ्या माहितीवर काहीच कळत नाही.

पातळ अ‍ॅल्युमिनियमचा संच याच परीक्षेत अडकतो. बऱ्याच संचांत वळी नावापुरती उमटवलेली असते, पट्टा १८-२० मिमीच्या पुढे जात नाही, आणि सोबत मात्र २५ मिमीचे चेंडू दिलेले असतात. संच वाईट आहे असे नाही, पण त्याच्यासोबतचे चेंडू बाजूला ठेवून १५-१६ मिमीचे घ्यावे लागतात. दुसरी अडचण वजनाची. ७५ मिमी उंच आणि तेवढ्याच तोंडाचा कप १ मिमी जाड पत्र्याचा असला तर तांब्यात तो साधारण १५०-१६० ग्रॅम भरतो, अ‍ॅल्युमिनियममध्ये ५०च्या आत. स्वस्त संचाचा पत्रा १ मिमीपेक्षाही पातळ असतो. एवढा हलका कप छडीच्या टोकाने टोचला तरी सरकतो, आत चेंडू हलला तर स्वतःही हलतो, आणि खाली ठेवताना टणकन वाजतो. या आवाजावर सोपा उपाय आहे : १ मिमी जाडीच्या काळ्या फेल्टचा गोल कापून बुडाला आतून चिकटवावा. पोकळी १ मिमीने कमी होते, ते गृहीत धरावे. तिसरी तक्रार काळ्या हातांची. नवे अ‍ॅल्युमिनियम बोटांना आणि पांढऱ्या चेंडूंना करडे डाग देते. त्यात पॉलिशचा राहिलेला अंशही असतो. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने दोनदा घासून, पूर्ण कोरडे करून मग वापरावे, आणि चेंडू लाल किंवा गडद निवडावेत.

एवढे सांभाळले तर सुरुवातीला हाच संच घ्यावा असे माझे मत आहे. पहिले काही महिने कप पडणार, चेपणार. चेपला तर अ‍ॅल्युमिनियमचा चेपलेला बरा.

घरातल्या स्टीलच्या फुलपात्रांवर सराव होतो का, असे बरेच जण विचारतात. अर्धा होतो. चेंडू हातात लपवणे, कप उचलतानाच तो खाली सोडणे, नजर दुसरीकडे नेणे हे सगळे जमते. रचायचा भाग जमत नाही, कारण फुलपात्रे एकमेकांत पूर्ण बसण्यासाठीच बनवलेली असतात आणि कधी कधी इतकी रुततात की सोडवायला दुसरा माणूस लागतो.

जाड तांब्याचा संच हातात घेतला की फरक सांगावा लागत नाही. कप ठेवला तिथे राहतो, आवाज बसका येतो, बूड खोल असल्याने त्यावर तीन चेंडूही ठरतात. दोष दोनच, पण खरे. तांबे मऊ असते. फरशीवर पडले की काठ लंबगोल होतो, मग कप डुगडुगतो आणि रचताना अडतो. पेटीत प्रत्येक कप वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावा, एकात एक रचून प्रवास करू नये. दुसरा दोष डागांचा. लाखेचा किंवा लॅकरचा थर नसलेले तांबे बोटांच्या घामाने काळवंडते. चिंच-मिठाने ते लखलखीत होते, पण लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसले नाही तर हिरवट छटा येते. लॅकर दिलेल्या कपाला चिंच अजिबात लावू नये, मऊ कापड पुरे. थर एका जागी निघाला की तिथेच डाग धरतो आणि मग सगळाच काढावा लागतो.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याचे माठारकाम चालते, त्यामुळे कप तिथल्यासारख्या कारागिराकडून घडवून घेण्याची कल्पना अनेकांना सुचते. कल्पना चांगली आहे. ठोक्यांनी तांबे कठीण होते, शिवाय हातोडीच्या खळग्यांमुळे बोटांचे डाग दिसत नाहीत. मात्र कारागिराला दोन गोष्टी ठणकावून सांगाव्यात. माठार फक्त बाजूंना. बूड आणि काठ साधे, गुळगुळीत. आणि आतून कल्हई नको. नव्या कल्हईचा पांढरा चकाकता पृष्ठभाग उजेड परत फेकतो, कप जरा तिरका झाला की आतले दिसते. हातघडणीत कपाकपांत अर्धा-एक मिलिमीटर फरक पडतो. तीन कप सहा क्रमांनी रचता येतात. सहाही क्रम करून पाहावेत. एकाही क्रमात कप रुतला तर तो परत द्यावा, कारण खेळात कोणता कप कुठे जाईल हे दर वेळी हातात नसते.

देशी वाट्यांचा संच हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्याच्यावर बाजारात अन्याय होतो. ‘पारंपरिक, शोभेचा’ असे म्हणून तो शेवटच्या कप्प्यात ठेवलेला असतो. आकार घुमटासारखा, उथळ, लाकडाचा किंवा धातूचा, आणि बुडाच्या मधोमध गोंडा. रस्त्यावर खेळ करणाऱ्या मदाऱ्याला टेबल नसते. तो जमिनीवर मांडी घालून बसतो, प्रेक्षक चहूबाजूंनी आणि वरून बघतात. त्याला एकाच हाताने वाटी उचलायची, ठेवायची आणि त्याच हातातली गोळी त्याच क्षणी खाली सोडायची असते. गोंडा बोटांच्या बेचक्यात धरला की तळवा मोकळा राहतो. गोंड्याचे खरे काम हे आहे. १८१३ मध्ये भारतीय जादूगारांची एक तुकडी लंडनला गेली तेव्हा त्यांच्या प्रयोगाची सुरुवातच या कप-गोळ्यांच्या खेळाने होत असे, असे त्या काळच्या जाहिराती सांगतात. तिथल्या प्रेक्षकांनी टेबलामागे उभ्या जादूगाराचा खेळ पाहिलेला होता. जमिनीवर बसून केलेला हा खेळ त्यांना वेगळा वाटला असणार.

हा संच घेताना गोंड्याची मान मोजावी. ८ ते १० मिमी जाडीची मान बोटांत बसते. १२च्या पुढे गेली की बेचके दुखते आणि हात अवघडलेला दिसतो. शोभेसाठी केलेल्या संचांत गोंडा मोठा, गोल आणि मान जवळपास नाहीच असे असते. असा संच कपाटातच शोभतो. लाकडी वाटीचा काठ खाली टेकवून फिरवून पाहावा, कारण ओल्या लाकडाची वाटी पावसाळ्यानंतर वाकडी होते. आणि हे आधीच समजून घ्यावे की गोंड्यामुळे बुडावर चेंडू राहत नाही, वाटीवर वाटीही रचता येत नाही. म्हणजे ‘बुडातून आरपार’ हा प्रकार यात नाही. त्याऐवजी वेग आहे, लागोपाठ जागा बदलणे आहे. व्हर्ननचा क्रम शिकायचा असेल तर हा संच घेऊ नये. चौकात, शाळेच्या मैदानावर, जमिनीवर बसून खेळ करायचा असेल तर याच्याइतका सोयीचा दुसरा नाही.

आता चेंडू. संचासोबत येणारे चेंडू हा जवळजवळ प्रत्येक संचाचा कच्चा दुवा असतो. नुसत्या बुचाचे चेंडू हलके आणि टणक, कपाला आपटून वाजतात. स्पंजचे आवाज करत नाहीत, पण दाबले की आकार बदलतो आणि रचलेल्या कपांखाली चपटे होतात. उत्तम म्हणजे बुचाच्या गाभ्यावर क्रोशाने विणलेले. २० मिमीचा गाभा आणि त्यावर सुती दोऱ्याचा घट्ट विणीचा थर, म्हणजे सुमारे २५ मिमीचा चेंडू होतो. सैल विणीत बोटाचे नख अडकते. लोकर वापरली तर महिनाभरात तंतू सुटतात आणि टेबलावरच्या कापडावर लव दिसू लागते. चार लागतात, पण एका बैठकीत, एकाच दोऱ्याचे सहा विणून घ्यावेत. नंतर विणलेला पाचवा रंगाने आणि आकाराने कधीच जुळत नाही, आणि न जुळणारा चेंडू खेळ उघडा पाडतो.

शेवटचा लोड, म्हणजे कपाखालून निघणारी मोठी वस्तू, ही कपाच्या तोंडाच्या आतल्या मापावर ठरते. ७५ मिमी तोंडाला ६० ते ६५ मिमीची वस्तू योग्य. आपले कागदी लिंबू साधारण ४० मिमीचे. मोठ्या कपाखाली ते केविलवाणे दिसते, लहान अ‍ॅल्युमिनियमच्या कपात मात्र झकास बसते. मोसंबी चांगली, पण बाजारातून मोजून आणावी. ७० मिमीची मोसंबी आत जाते आणि ऐन वेळी बाहेर येत नाही. कांदा आकाराला उत्तम पण टरफले गळतात. कप उचलण्याआधीच काठाखालून टरफलाचा तुकडा डोकावला की संपले. बटाट्याचा आवाज होत नाही, आकार चालतो आणि हशाही हमखास. टेनिस बॉल नियमाने ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटरचा असतो. त्याची लव कपाच्या भिंतीला घट्ट धरते, त्यामुळे कप उचलला तरी तो आत अडकून राहतो आणि टेबलावर कप जरा आपटला की सुटतो. काही जण हे मुद्दाम वापरतात. सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळे लोड म्हणून देखणी दिसतात, आणि वर्षानुवर्षे सडत नाहीत. फक्त त्यांचा देठ काठाला अडतो, म्हणून देठ नसलेले किंवा देठ काढलेले फळ घ्यावे, आणि तळाला फेल्टची टिकली लावावी, नाहीतर लाकूड टेबलावर ठक्क वाजते.

‘टू इन वन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांपासून सावध राहावे. त्यांत एका कपाच्या बुडात आणि एका चेंडूत चुंबक असते. मूळ कल्पना अ‍ॅल व्हीटली या अमेरिकन जादूगाराची, १९५४ची, आणि ती एकाच कपाच्या खेळासाठी होती : चेंडू आत चिकटतो, कप आपटला की पडतो. तीन कपांच्या खेळात चुंबकी कप इतर दोघांत मिसळला की कोणता कोणता हे लक्षात ठेवण्यात डोके अडकते. रचलेल्या कपांत चुंबकी चेंडू नको तिथे चिकटतो, तो वेगळाच. हा खेळ वेगळा शिकावा, कपही वेगळा घ्यावा. पारदर्शक प्लास्टिकचे संचही दिसतात. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांच्या जोडीने पारदर्शक कपांतून हा खेळ करून दाखवला, आणि सगळे दिसत असूनही नजर चुकते हेच दाखवून दिले. त्यांच्या हातात ते शोभते. शिकणाऱ्याला त्या कपांतून काहीच शिकायला मिळत नाही, कारण स्वतःची चूक झाकली गेली की नाही हे त्यात कळतच नाही.

तीनच कप हवेत असेही नाही. टॉमी वंडर (१९५३-२००६) या डच जादूगाराचा गाजलेला क्रम दोन कपांचा होता, आणि त्यात चेंडू ज्या पिशवीतून निघतात ती पिशवीच शेवटी कपाखाली सापडत असे. बजेट कमी असेल तर स्वस्त तीनपेक्षा चांगले दोन कप घ्यावेत.

पार्सल आले की कप धुण्याआधी टेबलावर घडी केलेली चादर पसरून त्यावर तपासणी करावी, उघड्या काचेवर किंवा फरशीवर नाही. प्रत्येक कप उपडा ठेवून बोटाने ढकलावा. डुगडुगला तर काठ वाकडा आहे. बुडावर चेंडू ठेवून चादर हलकेच ओढावी. चेंडू पडला तर खोलगटपणा पुरेसा नाही. मग सहा क्रमांनी रचून, दर वेळी मधे चेंडू ठेवून पाहावे. शेवटी खोलीतला दिवा लावून कप समोर बसलेल्याच्या नजरेने, टेबलाच्या पातळीवरून बघावा. काठ आणि चादर यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली तर संच परत पाठवावा, मुदत संपायच्या आत.